वर की बाहेर

सकाळी दहाच्या सुमारास बोगद्यात पाणी शिरले. डोंगराखालून वीज केंद्राकडे पाणी नेण्यासाठी हा बोगदा खोदला जात होता आणि सकाळची पाळी कामावर होती. डाव्या भिंतीतून आधी चिखल आला, मग दगड, मग पाणी. माणसे हातातले टाकून पळत बाहेर आली. बोगद्याच्या तोंडाशी एक लाकडी फळा आहे. आत जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला त्यावर अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. ज्याने त्याने आपापला बिल्ला काढून घेतला. एक लोंबकळत राहिला. तो मोजणीदाराचा होता.

मोजणीदार त्या वेळी बोगद्याच्या मध्यावर, उभ्या विहिरीच्या तळाशी असलेल्या खोलीत होता. उभी विहीर म्हणजे हवेसाठी डोंगरमाथ्यावरून सरळ खाली खणलेले भोक. आतून लोखंडी शिडी आणि अर्ध्यावर दम खाण्यापुरता लोखंडी माळा. तळच्या खोलीत मोजणीची उपकरणे आणि भिंतीला एक फोन. नियंत्रण कक्षातल्या फोनवालीने तो फोन लावला. तिथले प्रत्येक बोलणे आपोआप ध्वनिमुद्रित होते, त्यामुळे काय बोलले गेले याबद्दल वाद नाही. फोनवाली ओरडली, "पाणी आलंय! बाहेर या!" पलीकडे खरखर झाली. मग मोजणीदाराचा आवाज आला. पहिले अक्षर खरखरीत बुडाले होते, पुढचे स्वच्छ होते.

"...आ साल्गो."

आणि फोन बंद पडला.

बोगद्याच्या प्रमुखांनी ते मुद्रण ऐकले, नकाशा टेबलावर पसरला आणि दुभाषीला बोलावले. कामावर निरनिराळ्या देशांची माणसे असल्यामुळे कंपनीने एक दुभाषी ठेवली होती. सगळे तिला पोपट म्हणत. दुसऱ्याचे बोलणे दिवसभर बोलायचे म्हणून. तिला त्याचा राग नव्हता. हे नाव तिच्या थोरल्या बहिणीने लहानपणीच ठेवले होते आणि तिनेच ते इथवर आणले होते. ती थोरली बहीण म्हणजे मोजणीदाराची बायको.

"तो तुमचा भावोजी आहे, हे मला माहीत आहे," प्रमुख म्हणाले. "दुसरं कोणी असतं तर त्याला विचारलं असतं. दुसरं कोणी नाही. बसा."

ती बसली नाही.

"आमच्याकडे भोक पाडायचं यंत्र एक आहे," प्रमुखांनी नकाशावर बोट ठेवले. "तो शिडीनं वर गेला असेल, तर विहिरीचं तोंड ढासळून बुजलंय, म्हणजे तो मधल्या माळ्यावर अडकलाय. मग डोंगरावरून खाली भोक पाडायचं. तो बाहेर यायला निघाला असेल, तर बोगद्यात कोसळलेल्या दरडीच्या मागे भिंतीत आसऱ्याची खोबण आहे, तिथं असेल. मग तोंडाकडून आडवं भोक पाडायचं. यंत्र एकदा एका जागी बसवलं की उचलून दुसरीकडे न्यायला अर्धा दिवस जातो. आत तेवढी हवा नाही."

"आणि पुढे?" तिने नकाशावर खोलीच्या पलीकडच्या बाजूला बोट नेले. बोगदा तिथून अजून थोडा पुढे जाऊन कातळात संपत होता.

"तिकडे नाही. मध्ये पाणी उपसायचा खड्डा आहे, आणि त्याच्यावरची फळी कालच दुरुस्तीला काढलीय. रस्ताच नाही." प्रमुखांनी तेवढा भाग पेन्सिलीने खोडला. "दोनच जागा. वर की बाहेर. एक शब्द आहे. एका शब्दाचं भाषांतर करायला किती वेळ लागतो तुम्हाला?"

"कुठल्या भाषेतला आहे ते कळलं, की लगेच."

"म्हणजे?"

"त्यांचे वडील स्पॅनिश बोलायचे. आई इटालियन. स्पॅनिशमध्ये साल्गो म्हणजे मी बाहेर पडतो. इटालियनमध्ये साल्गो म्हणजे मी वर चढतो."

प्रमुख तिच्याकडे बघत राहिले. "एकच शब्द?"

"एकाच आईचे दोन. लॅटिनमध्ये सालिरे म्हणजे उडी मारणं. एका लेकीनं उडी वर मारली, दुसरीनं बाहेर. पोर्तुगीजही बाहेरच पडली. फ्रेंचमध्ये सज्जा जसा भिंतीतून पुढे येतो, तसं पुढे येणं. आईच्या घरी राहिली ती एकटी रोमानियन. तिच्यात अजून उडीच."

"सार!" दारातून आवाज आला. पंपवाला नळीचे जोड मागायला आला होता आणि त्याची मातृभाषा रोमानियन होती. "मी उडी मारतो. बरोबर बोलली पोपट. आमच्या गावात बेडूक, घोडा आणि माझी सासू..."

प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले. जोड न घेताच तो निघून गेला.

"तीन नकोत," प्रमुख म्हणाले. "दोनातलं एक सांगा."

दुभाषी नियंत्रण कक्षात गेली, कानांवर हेडफोन चढवले आणि मुद्रण ऐकत राहिली. एक शब्द आणि त्याच्या आधीचा एक तुकडा. साल्गोमधला ग स्पॅनिश बोलणारा मऊ काढतो, जीभ टेकवल्यासारखी करून सोडून देतो. इटालियन ठामपणे काढतो. मोजणीदाराचा ग ठाम होता. पण स्पॅनिश बोलतानाही त्याचा ग ठामच असे, त्यावरून वडील त्याची टिंगल करत, हे तिनेच ऐकलेले होते. ग गेला. राहिला आधीचा तुकडा. तो "या" असेल तर स्पॅनिश: या साल्गो, हा निघालोच बाहेर. "मा" असेल तर इटालियन: मा साल्गो, पण मी वर चढतोय. फोनवालीने म्हटले होते, बाहेर या. "हा निघालोच" हे त्याचे नीट उत्तर होते. "पण मी वर चढतोय" हेही नीट उत्तर होते.

"माझीच चूक," फोनवाली शेजारी बसून पुन्हा पुन्हा म्हणत होती. "नुसतं बाहेर या म्हणायला नको होतं. कुठून येताय विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर त्यांनी साल्गोच सांगितलं असतं," दुभाषी म्हणाली. "जरा गप्प बस ना, बाई."

ताई आली ती दुकानातून तशीच. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासते. अंगावर पांढरा कोट होता आणि खिशातून भिंगे पुसायच्या फडक्याचे टोक बाहेर आले होते.

"पोपट, सरळ सांग. आहे का नाही?"

"आहे. कुठे आहे ते माहीत नाही."

"मग इथे बसून काय करताय सगळे?"

दुभाषीने तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. ताईने डोळे मिटले. मुद्रण संपल्यावर तिने बोटाने खूण केली, पुन्हा. मग म्हणाली, "सर्दी झालीय त्याला. सकाळीही असाच आवाज होता. काढा घे म्हटलं तर तोंड वाकडं केलं."

दुभाषीने घाईने हेडफोन परत घेतले. चोंदलेल्या नाकाने मा नीट निघत नाही, त्याचा बा होतो. तिने आता ब शोधायला सुरुवात केली. एकदा तो ऐकू आला. पुढच्या खेपेला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला तिला सगळीकडे ‘ब’च ऐकू येऊ लागला, तेव्हा तिने यंत्र थांबवले.

"मी रोज लोकांना हेच विचारते," ताई म्हणाली. "पहिलं स्पष्ट की दुसरं? दहा वेळा विचारलं की म्हणतात, दोन्ही सारखंच दिसतंय. तेव्हा थांबायचं. डोळा थकलेला असतो."

"घरी कसा वापरतात ते हा शब्द?"

"तुला माहीत नाही का?"

तिला माहीत होते. ताईचे घर कंपनीच्या वसाहतीत, दोन खोल्यांचे. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर डाव्या हाताला गच्चीचा जिना आणि समोर फाटक. मोजणीदार दाराशी जाऊन म्हणायचा, साल्गो. ताई आतून ओरडायची, वर की बाहेर? तो एक बोट छताकडे करायचा, नाहीतर अंगठा फाटकाकडे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हा प्रश्न खरा होता, पुढे त्याची थट्टा झाली. पाहुणे आले की तो मुद्दाम साल्गो म्हणायचा आणि सगळ्या घराने एका सुरात ओरडायचे, वर की बाहेर?

"आज सकाळी?" दुभाषीने विचारले.

ताईने खिशातले फडके काढले आणि हेडफोनच पुसायला लागली. "आज मी विचारलं नाही."

"का?"

"भांडलो होतो. कशावरून ते विचारू नकोस, विचारण्यासारखं नव्हतं. साल्गो म्हणाला आणि गेला. मला वाटलं, वर जाऊन बसला असेल फुगून. म्हटलं, जाऊ दे, आपणच चहा घेऊन जावं. दोन्ही कप घेऊन गच्चीवर गेले. गच्चीवर फक्त चिमट्यांची दोरी होती."

"म्हणजे बाहेर."

"म्हणजे बाहेर. सांग तुझ्या साहेबाला. आज त्याचं साल्गो बाहेरचं होतं."

"ताई, सकाळचं साल्गो सकाळचं."

"मग कोणाचं धरतेस? त्या भिंतीवरच्या फोनचं? त्याला बोट दिसतं का?"

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. मोजणीदाराची आई समुद्रापलीकडे एका गावात एकटी राहते. कंपनीने तिला कळवले होते. ती खणखणीत आवाजाची बाई आहे आणि सुनेचे इटालियन तिला पटत नाही, म्हणून तिने पोपटलाच मागितले. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. दुभाषी एकेक वाक्य इकडचे तिकडे करत राहिली.

"तो वर गेलाय," सासूबाई म्हणाल्या. "घाबरला की माझा मुलगा माझ्या भाषेत बोलतो."

"विचार त्यांना," ताई म्हणाली, "घाबरलेला शेवटचा कधी पाहिला होता? झाडावर अडकला होता तेव्हा ना? नऊ वर्षांचा होता."

"ती काय म्हणतेय?" सासूबाईंनी विचारले.

"काळजी करतेय."

"खोटं बोलू नकोस. दुभाषी आहेस ना तू? जसंच्या तसं सांग."

दुभाषीने जसेच्या तसे सांगितले. मग सासूबाई म्हणाल्या, "तिला विचार, शिव्या कुठल्या भाषेत देतो?"

"मराठीत," ताई म्हणाली. "मीच शिकवल्यात."

सासूबाई हसल्या. ते हसू मध्येच तुटले आणि पुढचा थोडा वेळ त्या बाईचे नुसते श्वास ऐकू येत राहिले. फोनवालीने मान वळवून खिडकीबाहेर पाहिले.

"आकडे?" दुभाषीने एकदम विचारले. दोघींनाही, एकेका भाषेत. "भावोजी आकडे कुठल्या भाषेत मोजतात?"

सासूबाई म्हणाल्या, माझ्या. ताई हेडफोन पुसत राहिली.

"ताई?"

"बाजारात काहीतरी एक मोजतो."

"मोजपट्टी हातात असली की?"

ताईने फडक्याची घडी घातली. "त्यांच्याच," ती म्हणाली. "पडदे शिवायला मापं घेतली तेव्हाही. मी म्हटलं, मराठीत सांग, मला लिहायचंय. तर म्हणाला, मग चुकेल."

मोजणीदार त्या खोलीत मोजणी करत होता. फोन वाजला तेव्हा डोक्यात आकडे असणार, आणि आकडे आईच्या भाषेत. त्यामागून आलेला शब्द त्याच भाषेतला असणे साहजिक होते. दुभाषीजवळ एवढाच आधार होता आणि तो किती पातळ आहे हे तिला ठाऊक होते. ती उठली. ताईने तिचा दंड धरला.

"तू ‘बाहेर’ सांगणार आहेस."

"ताई, सोड."

"इतकी वर्षं शिकवलं त्याला. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, साल्गो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. येतो! तेवढं म्हणाला असता तर हा घोळच झाला नसता."

"येतो म्हणाले असते तरी कुठून ते कळलं नसतं," दुभाषी म्हणाली आणि लगेच तिला वाटले, हे बोलायला नको होते.

प्रमुख व्हरांड्यात उभे होते. यंत्र ट्रकवर चढवून तयार होते. चालकाने इंजिन बंद केलेले नव्हते.

"वर," ती म्हणाली.

"खात्री?"

"नाही."

"किती टक्के?"

"शब्दाचं मला कळतं. माणसाचं टक्क्यांत नाही सांगता येत. काम करताना त्यांच्या डोक्यात इटालियन असतं, एवढं कळलंय. म्हणून वर."

"उद्या मला कोणी विचारलं, कशावरून, तर मी काय सांगू? पडद्याच्या मापांवरून?" प्रमुखांच्या कानावर मघाचे सगळे गेलेले होते.

"हो."

प्रमुखांनी ट्रकला हात केला. ट्रक डोंगराच्या रस्त्याला लागला. ताई पायरीवर येऊन उभी होती.

"सासूबाईंचं ऐकलंस," ती म्हणाली.

"मी त्यांचं ऐकलं, भावोजींचं."

"मी रोज ऐकते त्याचं." आणि ती ट्रकच्या मागे चालत निघाली. दुभाषी काही अंतर ठेवून तिच्या मागे गेली.

डोंगरमाथ्यावर यंत्र बसवण्यात दुपार गेली. विहिरीच्या तोंडाशी ओला मुरूम आणि तुटक्या फळ्यांचा ढीग होता. त्यातून हवेचा लोखंडी पाइप तेवढा सरळ वर आलेला होता. हा पाइप विहिरीतून खाली जातो, तळाच्या खोलीत त्याला दोन फाटे फुटतात. एक तोंडाकडे जातो, दुसरा खड्ड्यावरून पुढच्या टोकाकडे. यंत्र सुरू झाले. जमीन हादरू लागली आणि कोणालाच काही बोलता येईना. ताई ट्रकच्या चाकाला टेकून बसली. दुभाषी जागेवर बसेना. ढिगाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाई, तिथे काही नाही हे पाहून परत येई. चालता चालता ओठांतल्या ओठांत या आणि मा, या आणि मा. आता तर तिला स्वतःच्या तोंडचेही वेगळे ऐकू येत नव्हते.

ऊन उतरल्यावर पंपवाल्याने धावत येऊन यंत्राच्या चालकाला हात हलवून थांबवले. तो पाइपला कान लावून बसला होता.

"वाजवतंय कोणीतरी!"

यंत्र बंद झाले. प्रमुख, फोनवाली, ताई, दुभाषी, सगळी पाइपभोवती वाकली. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज होता, बारीक आणि खोल. एक थांबा, मग पुन्हा. ताईने तोंडावर हात दाबून धरला.

"कुठून येतोय?" प्रमुखांनी विचारले.

"पाइपातून," पंपवाला म्हणाला. "पाइप माळ्याजवळूनही जातो, तोंडाकडेही जातो, टोकाकडेही जातो. लोखंड कुठूनही वाजवा, इथं सारखंच वाजतं."

ताईने पाइपावरचे झाकण फिरवायला घेतले. हाताने निघेना, तेव्हा पंपवाल्याने पाना लावला. तिने उघड्या तोंडाला आपले तोंड लावले आणि कोणाची परवानगी न घेता ओरडली, "वर की बाहेर? वर असशील तर एकदा वाजव, बाहेर असशील तर दोनदा! ऐकतोयस ना? वर की बाहेर?"

"खालचा कुठला तरी व्हॉल्व्ह उघडा असेल तरच ऐकू जाईल," प्रमुख हळू म्हणाले. "नाहीतर तो आपला नुसता वाजवतोय."

बराच वेळ काही आले नाही. मग आले. ठण्. ठण्. आणि किंचित उशिराने, ठण्.

"दोन," ताई ताठ उभी राहिली. "दोन! बाहेर आहे तो. तिसरा घुमलेला आवाज होता."

"तीन," फोनवाली म्हणाली. "मी बोटांवर मोजलं."

"तीन स्वच्छ," पंपवाला म्हणाला. "घुमलेला असा येत नाही, तो बारीक होत जातो."

प्रमुखांनी दुभाषीकडे पाहिले. "तुम्ही किती ऐकलेत?"

"तीन."

"तीन म्हणजे काय? आपण तीन कुठं दिलंय त्याला?"

दुभाषीने प्रमुखांच्या हातातला नकाशा घेतला आणि ट्रकच्या बॉनेटवर पसरला. पेन्सिलीने खोडलेला भाग तसाच होता. मध्ये खड्डा, पलीकडे कातळापर्यंतचा तुकडा. "हा खड्डा किती रुंद आहे?" तिने विचारले.

"रुंद आहे."

"माणूस उडी मारून जाऊ शकेल? लॅटिनमध्ये हाच शब्द उडीचा."

"सर्दी झालेला, चिखलात, अंधारात?" प्रमुख म्हणाले. मग त्यांनीच पंपवाल्याला विचारले, "जाऊ शकेल?"

"मागून पाणी येत असेल तर मीही जाईन," पंपवाला म्हणाला. "पलीकडे चढ आहे. पाणी तिथं उशिरा पोचेल."

"साल्गो म्हणजे उडी मारतो असं तो कशाला म्हणेल?" ताई दुभाषीवर आली. "मेलेल्या भाषेत बोलतो का तो? दोन वाजवलेत त्यानं! तुझं वर चुकलं ते मान ना. पोपट झालाय तुझा, मान!"

"चुकलं असेल," दुभाषी म्हणाली. "ताई, पुन्हा विचार. तिसरी जागा पण सांग. वर एक, बाहेर दोन, पुढे टोकाला तीन."

ताईने तिच्याकडे पाहिले, मग पाइपाकडे. ती वाकली. या वेळी ती ओरडली नाही. दुकानात चाचपडणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलते तसे एकेक शब्द सुटा करून बोलली. वर असशील तर एक. बाहेर असशील तर दोन. पुढे गेला असशील तर तीन. नीट आठव, घाई नाही. पहिलं, दुसरं की तिसरं?

सूर्य मावळला तेव्हा निश्चित कळलेले एवढेच होते: यंत्राचे पाते माळ्यापासून अजून बरेच वर होते. प्रमुखांनी यंत्र थांबवले होते, पण काढायला सांगितले नव्हते. ट्रकचे इंजिन चालू होते. बोगद्याच्या तोंडाशी फळ्यावर पितळी बिल्ला लोंबत होता. पाइपातून पुन्हा आवाज येऊ लागला होता आणि त्याभोवती वाकलेली सगळी माणसे ओठ हलवत मोजत होती. पहिला वाजला होता. दुसरा वाजला होता.